काचेचं घर आणि हुकूमशहा: दोन महायुद्धांमधल्या इटलीची आधुनिक वास्तुकला

आधुनिक वास्तुकलेची गोष्ट साधारणपणे अशी सांगितली जाते: सपाट गच्च्या, मोठ्या काचा, नक्षी नसलेल्या साध्या भिंती, आणि या सगळ्यामागे समतेचं, मोकळेपणाचं स्वप्न. हुकूमशहांना हे खुपलं आणि त्यांनी ते चिरडलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि काही महिन्यांतच बाउहाउस ही जर्मनीतली नामांकित कलाशाळा बंद पडली. तिथले शिक्षक देशोदेशी पांगले. ही गोष्ट खरी आहे, पण ती जर्मनीची. आल्प्स ओलांडून दक्षिणेला उतरलं की ती लागू पडत नाही.

इटलीत मुसोलिनी १९२२ पासून सत्तेवर होता. तिथल्या तरुण वास्तुकारांनी त्याच्या राजवटीत, पुष्कळदा त्याच्याच पक्षासाठी, विसाव्या शतकातल्या काही फार सुंदर इमारती उभ्या केल्या. त्यांना कुणी देशाबाहेर हाकललं नाही. आपली शैली हीच राजवटीची अधिकृत शैली ठरावी म्हणून ते स्वतःच धडपडत होते. म्हणून या इमारतींबद्दल लिहिताना त्यांचं सौंदर्य आणि त्यांचा धनी या दोन्ही गोष्टी एकदमच सांगाव्या लागतात. एक सांगून दुसरी गाळली की गोष्ट खोटी होते, असं मला वाटतं.

कारखाना आणि कागदावरचं शहर

तुरिन शहरात फियाट कंपनीने १९१६ मध्ये लिंगोत्तो नावाचा मोटारींचा कारखाना बांधायला घेतला आणि १९२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याचा रचनाकार जाकोमो मात्ते-त्रुक्को हा मुळात इंजिनियर. इमारत पाच मजली, सुमारे अर्धा किलोमीटर लांब. कच्चा माल तळमजल्यावर येई, मोटार मजल्यामजल्यावर जोडली जात वर चढे आणि तयार झाली की थेट गच्चीवर निघे. चाचणीची धावपट्टी गच्चीवरच होती, वळणांवर बाहेरच्या बाजूने उचललेली. पुढे चंदीगड आखणारा ल कॉर्ब्युझिए हा कारखाना पाहून भारावून गेला होता.

हे शक्य झालं ते आरसीसीमुळे. जुन्या पद्धतीच्या बांधकामात भिंतच इमारतीचा भार पेलते. खिडकी मोठी केली की भिंत दुबळी होते, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान. आरसीसीत भार खांब आणि तुळया पेलतात. आपल्याकडे नवी सोसायटी बांधताना आधी नुसता सांगाडा उभा राहतो आणि विटांच्या भिंती मागाहून भरतात, ती हीच पद्धत. भार एकदा खांबांवर गेला की भिंत मोकळी होते. ती काचेची करा, अर्धीच करा, नाहीतर ठेवूच नका. विसाव्या शतकातली निम्मी वास्तुकला या मोकळिकीतून आली आहे. उरलेली निम्मी म्हणजे या मोकळिकीचं करायचं काय, यावरचं भांडण.

इटलीत ते भांडण पहिल्या महायुद्धाआधीच कागदावर सुरू झालं होतं. कोमो गावचा अंतोनियो सांतेलिया, जन्म १८८८ चा. त्याने १९१४ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात ‘नवं शहर’ या नावाने चित्रं मांडली: पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे मनोरे, बाहेरून उघड्यावर चढणाऱ्या लिफ्ट, एकावर एक धावणारे रस्ते आणि रेल्वे. त्याच वर्षी त्याच्या नावाने फ्युचरिस्ट, म्हणजे भविष्यवादी, वास्तुकलेचा जाहीरनामा निघाला. घरं आपल्यापेक्षा कमी टिकावीत, प्रत्येक पिढीने आपलं शहर नव्याने बांधावं, असं त्यात म्हटलं होतं. दोन वर्षांनी सांतेलिया आघाडीवर मारला गेला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि त्याच्या हातून प्रत्यक्ष बांधकाम जवळजवळ काहीच झालं नव्हतं.

फ्युचरिस्ट चळवळीचा म्होरक्या मारिनेत्ती. त्याने १९०९ च्या पहिल्याच जाहीरनाम्यात वेगाची, यंत्राची आणि युद्धाचीही आरती केली होती. दहा वर्षांनी मुसोलिनीने आपली चळवळ उभी केली तेव्हा मारिनेत्ती त्याच्या पहिल्या साथीदारांमध्ये होता. नव्या वास्तुकलेचं एक मूळ आणि फॅसिझमचं एक मूळ असं एकाच मातीतून निघालेलं आहे. नंतरच्या पुष्कळ गोष्टी त्यामुळे उलगडतात.

युद्ध संपल्यावर मात्र मिलानमधली हवा पालटली. इतक्या मोडतोडीनंतर लोकांना स्थैर्य हवं होतं. जोव्हान्नी मुत्सियोसारखे वास्तुकार कमानी, कोनाडे आणि स्तंभ यांचे तुकडे नव्या पद्धतीने मांडू लागले. हा गट नोवेचेंतो म्हणून ओळखला जातो. आमच्या लेखाचे नायक आले ते त्यांच्यानंतर.

सात जणांचा गट

डिसेंबर १९२६ मध्ये मिलानमध्ये शिकलेल्या सात तरुणांनी एका मासिकात लेखमाला सुरू केली. त्यांनी स्वतःला ‘ग्रुप्पो ७’ म्हणवून घेतलं. फिजिनी, पोल्लिनी, तेर्रान्यी ही त्यातली पुढे गाजलेली नावं. आदाल्बेर्तो लीबेरा थोड्याच काळात येऊन मिळाला. त्यांच्या विचाराला रॅशनॅलिझम, म्हणजे तर्काला धरून केलेली वास्तुकला, असं नाव पडलं. इमारतीचं रूप तिच्या उपयोगातून आणि रचनेच्या तर्कातून निघावं, वरून चिकटवलेलं नसावं, हा त्याचा गाभा.

पण त्यांचं दुसरं म्हणणंही तितकंच महत्त्वाचं होतं. परंपरेशी आम्हाला नातं तोडायचं नाही, परंपराच रूप बदलते आहे, असं ते लिहीत होते. फ्युचरिस्टांची आरडाओरड त्यांना नको होती. एका खांद्यावर ल कॉर्ब्युझिए आणि दुसऱ्यावर प्राचीन रोम घेऊन चालायचं, असा हा बेत. जर्मन किंवा डच आधुनिक इमारतींपेक्षा इटालियन इमारती वेगळ्या दिसतात त्या यामुळे. त्यांत दगड आहे, प्रमाणबद्धतेचा ध्यास आहे, आणि मधोमध अंगणासाठी जागा आहे.

ज्युसेप्पे तेर्रान्यी या सगळ्यांत सर्वांत प्रतिभावान. जन्म १९०४ चा, कार्यालय कोमोत, म्हणजे सांतेलियाच्याच गावात. त्याची पहिली मोठी इमारत नोवोकोमुम (१९२७ ते १९२९). नगरपालिकेकडे मंजुरीसाठी दिलेल्या नकाशांत दर्शनी भागावर नेहमीची जुन्या वळणाची सजावट रेखाटलेली होती. परांची उतरली आणि गावाला दिसले कोपऱ्यांवरचे काचेचे दंडगोल, कठड्यांच्या लांबलचक आडव्या रेषा आणि नक्षीचा पूर्ण अभाव. गदारोळ झाला, चौकशी समिती बसली, शेवटी इमारत तशीच राहिली. लोक तिला आगबोट म्हणू लागले.

कोमोतली पक्षाची कचेरी

आता मुख्य इमारतीकडे येऊ. कासा देल फाशो, म्हणजे फॅसिस्ट पक्षाची स्थानिक कचेरी. अशा कचेऱ्या देशभर गावोगाव बांधल्या जात होत्या. कोमोतली तेर्रान्यीने १९३२ ते १९३६ या काळात उभारली, गावच्या कॅथेड्रलच्या पाठीमागे.

तळ चौरस, प्रत्येक बाजू ३३.२० मीटर. उंची बरोबर तिच्या निम्मी, १६.६० मीटर. म्हणजे अर्धा घन. समोरून पाहिलं तर डावीकडे खांब आणि तुळयांची उघडी चौकट, तिच्या आत सावली आणि सावलीत मागे सरकलेली काच. उजवीकडे एक उभा कोरा पट्टा, भिंतच भिंत. सांगाडा भार पेलतो आणि भिंत मोकळी असते, हे आरसीसीचं तत्त्व इथे पाटीवर लिहिल्यासारखं डोळ्यांसमोर मांडलेलं आहे. गंमत अशी, की चारही बाजू एकमेकींपासून निराळ्या आहेत; प्रत्येकीवर भरीव आणि पोकळ यांचा वेगळा हिशेब आहे. एका बाजूचं छायाचित्र पाहून दुसरी ओळखता येणार नाही, पण चारही एकाच सांगाड्याच्या तर्कातून निघतात. सगळं बोत्तिचिनो नावाच्या फिकट दगडाने मढवलेलं असल्यामुळे दिवसाच्या उजेडाबरोबर इमारतीचा चेहरा पालटत राहतो.

आत गेलं की मधोमध दोन मजली उंच दालन, वर काचेचे ठोकळे बसवलेलं छत, भोवती खोल्या आणि सज्जे. पुण्यातल्या जुन्या वाड्याचा चौक ज्याने पाहिला आहे त्याला ही मांडणी लगेच ओळखीची वाटेल. तेर्रान्यीने अर्थात ती इटलीतल्या जुन्या हवेल्यांच्या अंगणावरून घेतली. परंपरा रूप बदलते, हे तरुणपणीचं वाक्य त्याने इथे बांधून दाखवलं.

आणि आता दुसरी बाजू. फॅसिझम हे काचेचं घर आहे, त्यात कुणीही डोकावून पाहू शकतो, असं मुसोलिनी म्हणाला होता. तेर्रान्यीने ते शब्दशः घेतलं. दर्शनी बाजूला काचेच्या दारांची एक रांग आहे. विजेचं बटण दाबलं की सगळी दारं एकदम उघडावीत, आतलं दालन आणि बाहेरचा चौक एक व्हावा, पुढारी आणि जनता यांच्यात आडपडदा उरू नये, अशी ही योजना. प्रत्यक्षात १९२६ पर्यंत बाकीचे सगळे पक्ष बंद पाडले गेले होते आणि वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी पूर्ण झाली होती. काचेतून आत बघता येत होतं. आत जे ठरे त्याला विरोध करता येत नव्हता.

५ मे १९३६ रोजी इटलीच्या फौजांनी अदिस अबाबा जिंकल्याची घोषणा झाली, तेव्हा या इमारतीसमोर जमलेल्या गर्दीचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. चौक माणसांनी गच्च भरलेला आणि मागे तेर्रान्यीची शुभ्र चौकट. त्या विजयासाठी इथिओपियात विषारी वायू वापरला गेला होता. इमारत ज्या क्षणासाठी घडवली होती तो क्षण हाच. तेर्रान्यीला पक्षाने फसवलं असं म्हणायला जागा नाही. त्याचा पक्षावर मनापासून विश्वास होता, आणि त्याचा सख्खा भाऊ आत्तिल्यो हा कोमोचा सरकारनियुक्त नगरप्रमुख होता.

मालक एक, दरबारी अनेक

इटलीतल्या या विचित्र परिस्थितीचं कारण मुसोलिनीच्या वागण्यात आहे. हिटलरला वास्तुकलेबद्दल पक्की मतं होती. मुसोलिनीने कुठल्याही एका शैलीवर शेवटपर्यंत शिक्का मारला नाही. त्यामुळे प्रत्येक गटाला वाटत राहिलं की तो मनातून आपलाच आहे, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा जास्त फॅसिस्ट ठरायला निघाला.

१९३१ मध्ये रोममध्ये रॅशनॅलिस्टांचं दुसरं प्रदर्शन भरलं. कलादालन पिएत्रो मारिया बार्दी याचं. त्याने तिथे ‘भीषण नमुन्यांचं टेबल’ मांडलं: जुन्या वळणाच्या इमारतींची चित्रं आणि कालबाह्य कात्रणं यांचा चिकटवलेला गोंधळ. त्यात मार्चेल्लो पियाचेंतिनीच्या इमारतीही होत्या. पियाचेंतिनी म्हणजे राजवटीचा सर्वांत वजनदार वास्तुकार. वास्तुकारांच्या अधिकृत संघटनेने पाठिंबा काढून घेतला आणि रॅशनॅलिस्टांची संघटना त्याच वर्षी मोडली. मुसोलिनी प्रदर्शनाला आला होता, इतकंच त्यांच्या पदरात पडलं.

पियाचेंतिनी सूड घेत बसला नाही. त्याने कामं वाटली. रोमच्या नव्या विद्यापीठाचा आराखडा त्याच्याकडे होता (१९३२ ते १९३५). भौतिकशास्त्राची इमारत त्याने पागानोला दिली, गणिताची जो पोंतीला, खनिजशास्त्राची मिकेलुच्चीला. कमानी गाळलेल्या, नक्षी पुसलेल्या, पण भारदस्त आणि सममित अशा एका मधल्या शैलीत सगळे ओढले गेले. विरोधकांना गप्प करण्याचा हा मार्ग बंदीपेक्षा परिणामकारक ठरला.

तरी काही कामं निखळ उतरली. फ्लोरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला स्थानक (१९३५) मला या काळातली सर्वांत समंजस इमारत वाटते. मिकेलुच्ची आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी समोरच्या मध्ययुगीन चर्चची नक्कल केली नाही आणि त्याच्यावर कुरघोडीही केली नाही. चर्चचा जो तपकिरी दगड, तोच स्थानकाला वापरला, उंची कमी ठेवली, आणि दगडी भिंतीवरून खाली उतरणाऱ्या काचेच्या रुंद पट्ट्यातून आत उजेड घेतला. १९३४ मध्ये संसदेत या स्थानकावर आणि दलदल उपसून वसवलेल्या साबाउदिया या नव्या गावावर टीकेची झोड उठली, तेव्हा मुसोलिनीने दोन्हींच्या वास्तुकारांना बोलावून त्यांची पाठ थोपटली.

मग वारं फिरलं. इथिओपियावरच्या आक्रमणामुळे १९३५ च्या अखेरीस राष्ट्रसंघाने निर्बंध लादले. सरकारने स्वावलंबनाचा नारा दिला, लोखंड जपून वापरायचं ठरलं, दगड आणि वीट देशी म्हणून त्यांना मान मिळाला. साम्राज्य झालं म्हटल्यावर चेहराही प्राचीन रोमचा हवा होता. रोमच्या दक्षिणेला १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी नवं उपनगर आखलं गेलं, आज त्याला एऊर म्हणतात. तिथली कमानींची ती प्रसिद्ध चौकोनी इमारत सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिलेली असते: एका ओळीत नऊ कमानी, अशा सहा ओळी. आत सांगाडा आरसीसीचा, बाहेर त्रावेर्तीनो दगड. भिंत मोकळी करणारं तंत्र इथे भिंतीचा देखावा उभा करायला वापरलं गेलं. ती दिसते मात्र विलक्षण, हे नाकारता येत नाही. इटालियन लोक कवी, कलावंत, वीर, संत वगैरे आहेत असं सांगणारा तिच्या माथ्यावरचा कोरीव मजकूर मुसोलिनीच्या २ ऑक्टोबर १९३५ च्या भाषणातला आहे. दुसऱ्या दिवशी इथिओपियावर हल्ला सुरू झाला. २०१५ पासून ही इमारत एका फॅशन कंपनीचं मुख्यालय आहे.

माणसांचं काय झालं

ज्युसेप्पे पागानो १९२० मध्येच फॅसिस्टांना मिळाला होता. ‘कासाबेल्ला’ हे मासिक एदोआर्दो पेर्सिकोच्या साथीने चालवून त्याने त्याला नव्या वास्तुकलेचं व्यासपीठ बनवलं. आधुनिक शैली परकी आहे, बोल्शेविक आहे असा आरोप होई. त्याला उत्तर म्हणून तो कॅमेरा घेऊन खेडोपाडी फिरला आणि १९३६ च्या मिलान त्रिएन्नालेत, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कला-प्रदर्शनात, शेतकऱ्यांच्या घरांचं दालन मांडलं. सपाट छपरं, साध्या भिंती, गरजेपुरत्या खिडक्या, सगळं तिथे शतकानुशतकं होतं. इटलीची खरी परंपरा सम्राटांच्या कमानींत शोधू नका, गवताच्या गंजीशेजारच्या कोठारात शोधा, हा त्याचा मुद्दा. इथून पुढे तो राजवटीपासून दूर होत गेला. १९४२ मध्ये त्याने पक्ष सोडला आणि तो भूमिगत प्रतिकारात उतरला. पकडला गेला, निसटला, पुन्हा पकडला गेला, त्याचा छळ झाला. एप्रिल १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत त्याचा मृत्यू झाला, छावणी मुक्त व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी.

मिलानच्या बीबीपीआर या चौघांच्या कार्यालयातला जान लुइजी बान्फी गूझेनच्या छावणीत मेला. बेल्जोयोझो छावणीतून जिवंत परतला. एर्नेस्तो रॉजर्स ज्यू असल्यामुळे १९३८ च्या वंशद्वेषी कायद्यांखाली आला आणि त्याला पुढे स्वित्झर्लंड गाठावं लागलं. उरलेल्यांनी १९४६ मध्ये मिलानच्या मोठ्या दफनभूमीत छावण्यांतल्या मृतांचं स्मारक उभारलं: पोलादी नळ्यांची उघडी घनाकार जाळी, आणि तिच्या मध्यभागी छावणीतली माती. उघडी चौकट, चौरस, हवा, प्रमाण. दहा वर्षांपूर्वी पक्षाची कचेरी ज्या भाषेत बांधली गेली त्याच भाषेत त्या पक्षाच्या बळींचं स्मारक झालं. आकार आपोआप कुणाची बाजू घेत नाहीत, याचा इतका थेट पुरावा मला दुसरा माहीत नाही. जबाबदारी माणसांवर येते ती त्यामुळेच.

तेर्रान्यी रशियाच्या आघाडीवरून मनाने मोडून परतला आणि १९ जुलै १९४३ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, कोमोत मरण पावला. सहा दिवसांनी मुसोलिनीची सत्ता कोसळली. पियाचेंतिनी १९६० पर्यंत जगला, काम करत राहिला. रोम ऑलिंपिकसाठी एऊरमधलं क्रीडागृह त्याने पिएर लुइजी नेर्वीसोबत बांधलं.

मागे काय उरलं

वारसा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. ‘भीषण नमुन्यांचं टेबल’ मांडणारा बार्दी १९४६ मध्ये पत्नीसह ब्राझीलला गेला. ती पत्नी म्हणजे लीना बो बार्दी, जिने साओ पाउलोचं कलासंग्रहालय उभं केलं. कोमोच्या कचेरीच्या त्या कोऱ्या पट्ट्यावर मुसोलिनीच्या प्रतिमेसह प्रचारचित्रं लावायचा आराखडा मार्चेल्लो नित्सोलीने केला होता, तो अमलात आला नाही. याच नित्सोलीने पुढे ऑलिवेत्ती कंपनीसाठी लेत्तेरा २२ हा जगभर गाजलेला टाइपरायटर घडवला. ऑलिवेत्तीचं गाव इव्रेआ. तिथला काचेचा कारखाना ग्रुप्पो ७ मधल्या फिजिनी आणि पोल्लिनी यांचा. कामगारांसाठी घरं, पाळणाघर, वाचनालय अशी त्याला जोड होती. १९३० च्या दशकातल्या स्वप्नांचा सर्वांत माणुसकीचा अवशेष मला तिथे दिसतो. इव्रेआ २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, मुंबईच्या मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल परिसरातल्या आर्ट डेको इमारती ज्या अधिवेशनात आल्या त्याच अधिवेशनात.

आफ्रिकेतही हा वारसा आहे. एरिट्रियाची राजधानी अस्मारा इटालियनांनी याच काळात झपाट्याने वाढवली. विमानाच्या पंखांसारखे दोन लांब सज्जे अधांतरी पसरलेला तिथला फियाट तालियेरो पेट्रोलपंप (१९३८) पाहणाऱ्याला थक्क करतो. पण त्याच शहराची वंशाच्या आधारे गोऱ्यांची आणि स्थानिकांची वस्ती अशी विभागणी केलेली होती. १९४१ नंतर इटालियन सत्ता गेली, इमारती एरिट्रियाच्या झाल्या, आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

तेर्रान्यीला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यात ब्रूनो झेवीचा मोठा वाटा आहे. झेवी ज्यू, फॅसिस्ट इटली सोडून गेलेला आणि युद्धानंतर परतलेला समीक्षक. फॅसिस्ट वास्तुकलेच्या अवजडपणावर त्याने आयुष्यभर तोफ डागली, आणि तरीही १९६८ मध्ये तेर्रान्यीला मानवंदना म्हणून एक संग्रह सिद्ध केला. अमेरिकेत पीटर आयझेनमनने कोमोच्या कचेरीचा भूमितीसारखा अभ्यास केला: रेषा, पातळ्या, थर. त्या अभ्यासातून आपण बघायला पुष्कळ शिकलो, पण चौकातली गर्दी त्यातून गाळली गेली. झेवीची वाट मला जास्त पटते, कारण त्याला सगळं ठाऊक होतं.

कोमोची ती इमारत आज आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या पोलीस दलाची कचेरी आहे. समोरच्या चौकाला आता जनतेचा चौक असं नाव आहे. इमारती पाडायच्या नाहीत, यावर इटलीत साधारण एकमत दिसतं. भांडण आहे ते भिंतींवरच्या मजकुरावर आणि शिल्पांवर. यात उत्तर इटलीतल्या, ऑस्ट्रियाच्या सीमेकडच्या बोल्झानो शहराने केलेलं काम पाहण्यासारखं आहे. तिथल्या जुन्या पक्षकार्यालयावर घोड्यावर बसलेल्या मुसोलिनीचं अवाढव्य उठावशिल्प आहे, खाली ‘विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा’ ही घोषणा. शिल्प काढलं नाही, झाकलंही नाही. २०१७ मध्ये त्याच्यावर दिव्यांच्या अक्षरांत हाना आरेंट या विचारवंत बाईंचं एक वाक्य जर्मन, इटालियन आणि लादीन या तिथल्या तिन्ही भाषांत बसवलं: आज्ञा पाळण्याचा हक्क कुणालाही नाही. त्याच शहरात पियाचेंतिनीने बांधलेली विजयाची कमान आहे. तिच्या तळघरात २०१४ पासून कायमचं प्रदर्शन आहे, कमान कुणी बांधली, कशासाठी बांधली आणि तिथल्या जर्मन बोलणाऱ्या लोकांवर काय लादलं गेलं हे सांगणारं. वर कमान आहे तशीच उभी आहे, फक्त तिच्या एका खांबाभोवती दिव्यांची कडी बसवली आहे, तिच्यावर खालच्या प्रदर्शनाचं नाव फिरत असतं.